गाठ, डाग, अंगावर जाणं: कॅन्सरची तपासणी कधी करायची, कुठं करायची आणि रिपोर्ट आला की पुढं काय

माझ्या चुलतीच्या छातीतली गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी ती आम्हाला ट्रेमधे दाखवली होती, लिंबाएवढी, पांढुरकी. "साधी आहे, घाबरू नका" म्हणाले आणि गाठ तिथंच टाकून दिली, तपासायला पाठवलीच नाही. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, मलाही विचारायचं सुचलं नाही. वर्षाच्या आत त्याच टाक्यांजवळ परत गाठ आली आणि या वेळी काखेतही हाताला लागायला लागली. पुढं ऑपरेशन, किमो, शेक (म्हणजे रेडिएशन) सगळं झालं पण ते मधलं वर्ष गेलं ते गेलंच.

आता मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, आपल्याकडं माणूस मधल्या दिवसांत अडकतो. गाठ लागली त्या दिवसापासून दाखवायला जाईपर्यंत चार महिने, सुई टोचली की रिपोर्ट आणायला पंधरा दिवस, रिपोर्ट आला की आधी सोयाबीन काढू, मग पुतणीचं लग्न उरकू, मग पैशाची जुळवाजुळव. प्रत्येक जण म्हणतो थोडंच थांबलो, आणि सगळं थोडं-थोडं मिळून वर्ष होतं. म्हणून हे लिहितेय, ओपीडीत रोज जे प्रश्न येतात त्याच क्रमानं, आणि प्रत्येक ठिकाणी "मग पुढं काय" हे सांगत.

मला धोका आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण असा विचारतात, "सिस्टर, आमच्या घरात कुणालाच नव्हता मग मला कसा होईल". घरात कुणाला नसणं म्हणजे आपण सुटलो असं नाही. सगळ्या कॅन्सरमधे आईबापाकडून आलेल्या जीन्समुळं होणारे साधारण ५ ते १० टक्केच असतात, बाकीच्यांच्या घरात आधी कुणाला असतोच असं नाही. आणि उलट, घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला झाला म्हणून सगळ्यांनी रात्री जागून काढायचीही गरज नाही.

पण घरात असेल तर तीन गोष्टी नीट विचारून लिहून ठेवा: कुणाला झाला, कोणता झाला आणि कितव्या वर्षी झाला. यातलं वय सगळ्यात महत्त्वाचं. आईला सत्तरीत छातीचा कॅन्सर झाला आणि आईला चाळिशीत झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई, बहीण, मावशी, आजी यांच्यात छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झालेला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन जणांना झाला असेल, तर हे डॉक्टरला स्वतःहून सांगायचं. अशा बायकांची तपासणी लवकर सुरू करतात, साधारणपणे घरच्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, आणि गरज वाटली तर रक्ताची जीनची टेस्ट करायला मोठ्या सेंटरला पाठवतात. वडिलांच्या बाजूचंही धरायचं बरं का, आत्या आणि आजीचं लोकं सांगतच नाहीत.

आपल्या भागात खरा धोका तोंडात ठेवलेला असतो. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के मोठे लोक तंबाखू घेणारे निघाले आणि त्यात बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के, म्हणजे बाकी सगळी खायची, मळायची, दाताला लावायची तंबाखू. बायकांना "तंबाखू खाता का" विचारलं की त्या नाही म्हणतात, आणि खरंच त्यांच्या मते त्या खात नाहीत, कारण त्या मिसरी लावतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, आणि ती हिरडीला लावून तासभर कामं करत बसायचं, हे तंबाखू खाण्याइतकंच आहे. आणि नुसती सुपारी खाणाऱ्यांनीही ऐका, तंबाखू नसलेली साधी सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या यादीत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, तिथं बोलणारा माणूस सोडायला मदत करतो, मराठीतही बोलता येतं. आणि वीस वर्षं खाल्लीय आता सोडून काय उपयोग असं म्हणू नका, सोडल्यापासून धोका कमी व्हायला लागतो.

बाकी दारू, वाढलेलं वय, वाढलेलं वजन ही कारणं आहेतच. फवारणीचं लोकं फार विचारतात, तर काही कीटकनाशकं आणि तणनाशकं, जसं मॅलॅथिऑन, ग्लायफोसेट, ही २०१५ मधे जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेनं "बहुधा कॅन्सर करणारी" या गटात टाकलीत, त्यामुळं फवारताना हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्या आणि घरी आल्यावर आधी आंघोळ, एवढं तरी कराच. आणि एक, कॅन्सर लागट नाही. ताट-वाटी वेगळी करू नका, पेशंटच्या मनाला ते किती लागतं ते मी बघितलंय.

काहीच त्रास नाही, मग कोणती तपासणी करू?

त्रास नसताना केलेल्या तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांच्या वरच्या सगळ्यांसाठी तीन कॅन्सर बघतात, तोंडाचा सगळ्यांचा, छातीचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा बायकांचा, आणि सगळं नॉर्मल असेल तर दर ५ वर्षांनी परत. सुरुवात आशाताईपासून होते, ती घरी येऊन एक फॉर्म भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरचा इतिहास असं विचारते. तो फॉर्म खरा भरा. दारूचा प्रश्न आला की सासूसमोर, सुनेसमोर लोकं खोटं सांगतात, तसं असेल तर आशाताईला बाजूला घेऊन सांगा. मग उपकेंद्र किंवा आरोग्यवर्धिनीत तपासणी, ती फुकट असते.

तोंडाची तपासणी घरीही करता येते आणि महिन्यातून एकदा करावीच, खास करून तंबाखूवाल्यांनी. उजेडात आरसा घ्या, मोबाइलची बॅटरी लावा, तोंड खळखळून धुवा. आधी दोन्ही ओठ आतून उलटून बघा, मग गाल बोटानं बाजूला ओढून आतला भाग, मग जीभ वर करून खालचा भाग, मग जीभ स्वच्छ फडक्यानं धरून एकदा डावीकडं एकदा उजवीकडं ओढून तिच्या कडा, शेवटी टाळू. जिथं तुम्ही बार ठेवता ना तिथं सगळ्यात जास्त वेळ बघा. बघायचं काय तर पांढरा न पुसला जाणारा डाग, लाल मखमलीसारखा डाग, कडक लागणारी जागा, आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम. मग स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, तर तो सुपारीनं होणारा आजार असू शकतो. तो कॅन्सर नाही पण त्याच्या आधीची पायरी होऊ शकते, तिथं सुपारी त्याच दिवशी बंद आणि दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवणं. एक मुलगा आला होता, चोवीस वर्षांचा, आईनं आणलेला, भाकरीचा तुकडा मोडून कडेनं सारावा लागायचा तोंडात. त्याला वाटत होतं दाढ येतेय.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीला बायका सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून नेमकं काय होतं ते सांगते. पाय दुमडून झोपायचं, एक साधन आत घालून पिशवीचं तोंड दिसेल असं करतात, त्यावर कापसानं पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमधे असतं तेच, थोडं चुरचुरतं. मग एक मिनिट थांबायचं आणि बल्बच्या उजेडात बघायचं. पेशी बदललेल्या असतील तर तिथं घट्ट पांढरा डाग उमटतो. झालं. रक्त नाही, सुई नाही, पाच-सात मिनिटांत बाई उठून बसते. याला व्हीआयए म्हणतात. पाळी चालू असताना येऊ नका, आणि आधीचे दोन दिवस संबंध टाळा, आत औषधाच्या गोळ्या ठेवू नका, आतून धुऊ नका. पाळी गेलेल्या बायकांत ही जागा आत सरकते त्यामुळं त्यांच्यात व्हीआयएनं नीट दिसत नाही, त्यांनी पॅप (तिथल्या पेशी खरवडून घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही या व्हायरसच्या टेस्टचं विचारावं.

आणि एचपीव्ही टेस्टचा विषय निघालाच तर आपल्या धाराशिवच्या बायकांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९९ मधे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना चार गटांत विभागून अभ्यास सुरू केला, एका गटाला एचपीव्ही टेस्ट, एकाला पॅप, एकाला व्हीआयए आणि एका गटाला नेहमीसारखंच. २००९ मधे निकाल छापून आला, आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जगभरात आज ही टेस्ट पहिली करा असं सांगतात त्यामागं शेतात, रानात कामं करणाऱ्या या बायकांनी दिलेला पुरावा आहे. म्हणून आमच्याकडं कुणी "ही तपासणी शहरातल्या बायकांची" म्हणालं की मी हे सांगते.

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसनं होतो, संबंधातून येतो, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो, थोड्या जणींत वर्षानुवर्षं राहतो आणि मग दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घ्यायचा नाही, तो कधी आला हे कुणालाच सांगता येत नाही. मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, ९ ते १४ वयात देणं सगळ्यात चांगलं आणि त्या वयात कमी डोस लागतात. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण बीडमधे राहून हे लिहिलं नाही तर चालायचं नाही. "पांढरं जातंय, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असं ऐकून किती तरी बायकांनी तिशीत-पस्तिशीत पिशव्या काढून घेतल्यात. २०१९ मधे सरकारच्या समितीनं आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा ते इन्फेक्शन असतं, गोळ्यांनी बरं होतं. नुसत्या भीतीपोटी पिशवी काढू नका. कुणी सांगितलंच तर विचारा: पॅप किंवा व्हीआयए केली का, सोनोग्राफीत काय आहे, बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, केली का, आणि दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत घ्या. ज्यांची काढलीय त्यांनी कागद शोधून ठेवा, पिशवीचं तोंडही काढलंय की वरची पिशवीच, आणि का काढली. तोंड राहिलं असेल तर तपासणी चालूच ठेवायची. आणि पिशवी नसली तरी छाती आणि तोंड आहेच, तिथली तपासणी सुटली असं समजू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तारखा कारखान्याच्या हिशोबानं धरा. दसरा-दिवाळीला गाड्या निघाल्या की मार्च-एप्रिलपर्यंत कोयता हातात, तिकडं फडावर कोण तपासतंय. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमधेच तपासून घ्या, म्हणजे काही निघालं तर पुढची पायरी निघायच्या आधी होते. मुकादमाकडून उचल घेतलीय म्हणून रिपोर्ट न घेता गेलेल्या बायका मी बघितल्यात, सहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा तपासणीचं कार्ड थैलीत तसंच होतं.

छातीची तपासणी सिस्टर किंवा डॉक्टर हातानं करतात. टाटानं मुंबईच्या वस्त्यांत वीस वर्षं हा अभ्यास केला, शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे मशीन नाही म्हणून अडत नाही. मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा एक्स-रे, चाळिशीनंतर डॉक्टरशी बोलून साधारण एक-दोन वर्षांनी करावी. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात करा, छाती तेव्हा कमी दुखते, त्या दिवशी काखेत पावडर-सेंट लावू नका कारण त्याचे कण फिल्ममधे दिसतात, आणि जुन्या फिल्म सोबत न्या. तरुण मुलींना मॅमोग्राफीपेक्षा सोनोग्राफी उपयोगी पडते. घरी आंघोळीच्या वेळी बोटांच्या सपाट भागानं पूर्ण छाती आणि काख चाचपून आपली नेहमीची छाती कशी लागते ते ओळखीचं करून ठेवा, म्हणजे बदल झाला की कळेल.

आता ते "फुल बॉडी कॅन्सर पॅकेज". गावात कॅम्प लावतात, रक्त घेतात, सीए-१२५, सीईए असे आकडे छापून देतात. काही त्रास नसलेल्या माणसानं या टेस्ट करू नयेत, हे माझं ठाम मत आहे आणि तज्ज्ञही तेच सांगतात. सीए-१२५ पाळीतही वाढतं, साध्या गाठींनीही वाढतं, सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतं. आकडा वाढला की माणूस झोपत नाही, आणि नॉर्मल आला की खरी गाठ असूनही निवांत बसतो. हे पैसे मॅमोग्राफीला वापरा.

त्रास असेल तर स्क्रीनिंगची वाट बघू नका

वरचं सगळं त्रास नसलेल्यांसाठी. खालच्यातलं काही असेल तर कॅम्पची, पाच वर्षांच्या तारखेची वाट बघायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. छातीत, मानेत, काखेत न दुखणारी गाठ. "दुखत नाही मग कशाला" हे तर डोक्यातून काढाच, सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही. निप्पल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं. संबंधानंतर रक्त जाणं. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावर जाणं, एक डाग जरी दिसला तरी, "परत पाळी आली" असं समजून बायका आनंदानं सांगतात, तसं नसतं ते. तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, कावीळ. आणि शौचाला रक्त, मूळव्याध म्हणून वर्षभर झाडपाल्याचं औषध घेणारे खूप आहेत, एकदा डॉक्टरच्या बोटानं तपासून घ्या, नंतर ठरवा मूळव्याध आहे का.

रिपोर्ट आला. वाचायचा कसा आणि पुढं काय

सगळ्यात आधी, स्क्रीनिंग पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे पुढं कॉल्पोस्कोपी, दुर्बिणीसारख्या साधनानं पिशवीचं तोंड मोठं करून बघतात आणि लागलं तर चिमटीएवढा तुकडा घेतात. त्यात सीआयएन, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल, असं लिहून येतं, एक, दोन किंवा तीन. एक बऱ्याचदा आपोआप जातं, लक्ष ठेवायचं. दोन-तीनला त्या जागेपुरता इलाज करतात, गरम प्रोबनं किंवा वायरच्या कडीनं तो भाग काढून, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी, आणि मग वर्षभरात परत तपासणी करून गेलं का ते बघायचं. हा इलाज झाला की कॅन्सर होण्याआधीच थांबतो. यासाठी पूर्ण पिशवी काढायची सहसा गरज पडत नाही.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टमधे शेवटी बायरॅड्स आणि आकडा असतो. शून्य म्हणजे अजून फोटो किंवा सोनोग्राफी लागेल, तो "काही नाही" असा शून्य नाही. एक-दोन ठीक. तीन म्हणजे बहुधा साधंच, कॅन्सर असायची शक्यता २ टक्क्यांच्या आत, पण सहा महिन्यांनी परत फोटो हवाच. चार आणि पाच म्हणजे बायोप्सी, थांबायचं नाही. तीनवाल्या बायका सहा महिन्यांनी येत नाहीत हा आमचा अनुभव, म्हणून तीन आला की त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर सहा पानं उलटून लाल पेनानं गोल करा.

मग तो प्रश्न, "सुई टोचली की पसरतो म्हणे?" नाही. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो ही भीती चुकीची आहे आणि या भीतीनं जितके जीव गेलेत तितके सुईनं कधीच गेले नाहीत. लोकांना तसं वाटतं कारण पेशंट सुई टोचायलाच इतका उशिरा येतो की आजार आधीच पसरलेला असतो. सुईनं तुकडा काढल्याशिवाय कोणता कॅन्सर, कोणत्या औषधाला दाद देईल, काहीच कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मात्र आधी सांगायची.

आणि आता ते, जे माझ्या चुलतीच्या वेळी कुणी सांगितलं नाही. शरीरातून काढलेली प्रत्येक गाठ, साधी म्हणाले तरी, तपासायला गेलीच पाहिजे. ऑपरेशनच्या आधीच विचारा, "गाठ पॅथॉलॉजीला पाठवणार ना?" लहान गावात बऱ्याचदा बरणी नातेवाइकाच्याच हातात देतात लॅबला न्यायला, तेव्हा बघून घ्या की तुकडा फॉर्मलिनमधे आहे, वासानं कळतं, डोळ्याला झोंबतं ते. सलाइनमधे, पाण्यात किंवा कोरडा दिला तर तो सडतो आणि तपासणी वाया जाते. बरणी तुकड्यापेक्षा बरीच मोठी हवी, औषधात पूर्ण बुडालेला हवा, झाकण घट्ट, आणि नाव, वय, डावी-उजवी बाजू, तारीख बरणीच्या अंगावर लिहिलेली हवी, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

रिपोर्टसोबत स्लाइड आणि ब्लॉक हे दोन शब्द लक्षात ठेवा. ब्लॉक म्हणजे मेणाच्या छोट्या वडीत बसवलेला तुमचा तुकडा, स्लाइड म्हणजे त्याचा पातळ काप काचेवर. मोठ्या हॉस्पिटलला गेलात की ते नुसत्या कागदावर इलाज सुरू करत नाहीत, ब्लॉक मागतात, परत तपासतात. नसला तर परत मागं यायचं, परत आठवडा. म्हणून निघण्याआधीच लॅबमधून सही करून घेऊन ठेवा. आणि मे महिन्यात बंद गाडीत काचेजवळ ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात मेण पातळ होऊ शकतं. डब्यात, कापसात, हातातल्या पिशवीत.

कुठं जायचं आणि पैशाचं काय

बायोप्सीपर्यंतचं काम आपल्याच भागात होतं, घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची मेडिकल कॉलेजं आहेत, त्यासाठी थेट मुंबई गाठायची गरज नाही. कॅन्सर निघाला तर संभाजीनगरचं घाटीशी जोडलेलं शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, तिथं ऑपरेशन, किमो, शेक सगळं होतं. धाराशिव, भूम, परंडा, कळंबवाल्यांना बार्शी जवळ पडतं. परळच्या टाटाला जायचं असेल तर जरूर जा, पण एक विचार करा, शेक साधारण पाच ते सात आठवडे रोज असतो, मुंबईत राहायचं कुठं आणि सोबत कोण. बऱ्याच जणांसाठी योजना टाटात ठरवून शेक जवळच्या सेंटरला घेणं सोयीचं पडतं, आणि डॉक्टरला विचारलं तर ते तशी चिठ्ठी देतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मानसोबत जोडलीय, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटा, पैसे भरून झाल्यावर नाही. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट सोबत हवा. रेशनकार्डावर नाव आणि आधारवर नाव जुळतं का हे आजच बघा, सासरचं-माहेरचं नाव यात बायकांचे आठ-आठ दिवस जातात. चौकशीला १५५३८८ किंवा १८००-२३३-२२००. रेल्वेत कॅन्सर पेशंटला इलाजासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलचा रेल्वेच्या नमुन्यातला फॉर्म लागतो. एसटीतही सवलत आहे. देवगिरी, नंदीग्राम, लातूर एक्सप्रेसला जागा मिळणं अवघड, रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, तर पुढची तारीख हातात पडली की त्याच दिवशी तिकिटाचं बघा.

इलाज चालू असताना आणि संपल्यावर

किमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर ती इमर्जन्सी आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गावातल्या डॉक्टरकडून ताप उतरायचं इंजेक्शन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. थर्मामीटर घरात ठेवा. तोंडाच्या ऑपरेशननंतर शेक सांगितला असेल तर तो साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा, जखम भरली, बरं वाटतंय म्हणून पुढं ढकलू नका.

इलाज संपला की फॉलोअप, आणि इथंच माणसं गळतात, कारण बरं वाटत असतं. आजार परत यायचा असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत यायची शक्यता जास्त म्हणून सुरुवातीला लवकर-लवकर बोलावतात. तोंडाच्या कॅन्सरला पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, मग अंतर वाढत जातं. छातीच्याला पहिली तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा-बारा महिन्यांनी, पुढं वर्षाला एकदा, आणि मॅमोग्राफी दरवर्षी, राहिलेल्या बाजूचीही. नातेवाईक विचारतात दरवेळी पेट स्कॅन का करत नाहीत, पैसे द्यायला तयार आहोत. छातीच्या कॅन्सरमधे त्रास नसताना सारखे स्कॅन करून आयुष्य वाढत नाही हे अभ्यासातून दिसलंय, डॉक्टरनं नीट विचारून हातानं तपासलं यात कमी काही केलेलं नसतं.

छातीच्या कॅन्सरला टॅमॉक्सिफेनची गोळी दिली असेल तर ती पाच ते दहा वर्षं रोज घ्यायची असते. ती पेनकिलर नाही, काही दुखत नाही म्हणून बंद करायची नाही. पाळी गेलेल्या बाईला ती घेताना अंगावर गेलं तर लगेच सांगायचं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येऊ लागली, बांगडी घट्ट व्हायला लागली तर लगेच दाखवा, सुरुवातीला व्यायाम आणि पट्ट्यानं आटोक्यात राहते. मानेला शेक घेतलेल्यांनी सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची टेस्ट करा, थकवा येतोय तो त्यामुळंही असतो. दात काढायचा असेल तर आधी शेकाच्या डॉक्टरला विचारा, परस्पर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. तोंड उघडायचा व्यायाम रोज, भाकरी खाता येते तोवर सोडू नका. आणि तंबाखू परत सुरू करू नका, इलाजानंतर परत बार भरणाऱ्याला बायकोनं, लेकरांनी ओरडण्यापेक्षा डॉक्टरसमोर घेऊन या, आम्ही बोलतो.

चुलतीची फाईल अजून माझ्याकडं आहे. त्यात पहिलं पान मी नंतर हातानं लिहून लावलं होतं आणि आता प्रत्येक पेशंटला तसंच करायला सांगते. साधी प्लास्टिकची फाईल घ्या आणि पहिल्या पानावर लिहा: नाव, वय, कोणता आजार, बायोप्सी कुठं झाली आणि तिचा नंबर, ब्लॉक कुणाकडं आहे, ऑपरेशनची तारीख, किमो किती झाल्या, शेक किती दिवस झाला, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी, बीपी-शुगर, सोबत येणाऱ्या दोघांचे मोबाइल नंबर. दोघांचे, कारण एकाचा फोन फडावर लागत नाही. सगळ्या कागदांचे फोटो काढून लेकीच्या किंवा भाच्याच्या मोबाइलमधे ठेवा. आणि पानाच्या सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, एकच ओळ जी दरवेळी खोडून नवी लिहायची: पुढची तारीख.